वाचकांचे प्रश्न : बॅट फिरते ती पायांपासून

शालेय बेसबॉलवरील आमच्या मागील लेखानंतर सांगली जिल्ह्यातून अनेक पत्रे आली. नियम, मैदान, निवड चाचणी असे विषय त्यांत आहेतच. पण बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे बॅट नेमकी फिरवायची कशी. म्हणून या अंकात केवळ त्याच प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. उत्तरे उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली असून डावखुऱ्यांनी उजवे-डावे उलट करून वाचावे.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या शाळेच्या संघातील मुले अंगापिंडाने चांगली आहेत. त्यांतील काही जण तालमीत जातात, रोज जोर-बैठका मारतात. क्रिकेटमध्ये हीच मुले सहज षटकार ठोकतात. बेसबॉलमध्ये मात्र त्यांचा चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपच्या (पिचरकडे तोंड केले असता डाव्या बाजूला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात जातो. एवढे बळ असून ते चेंडूपर्यंत पोहोचत का नाही?
(शारीरिक शिक्षण शिक्षक, पलूस)

उत्तर : सर, आपल्या पत्रातील 'शॉर्टस्टॉपच्या हातात' हे शब्द फार उपयोगाचे आहेत, कारण दोष कोठे आहे हे त्यांतूनच कळते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू वारंवार घरंगळत त्या बाजूला जातो, तेव्हा बहुधा त्याचे हात शरीराच्या आधी निघालेले असतात. हात आधी निघाले की बॅटचे टोक लवकर वळते, उजवे मनगट डाव्यावर चढते आणि बॅट चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर आदळते. मुलांचे बळ कमी पडत नाही. ते चुकीच्या क्रमाने खर्च होते. चांगला स्विंग हा प्रथम क्रमाचा प्रश्न आहे आणि नंतर ताकदीचा.

हा क्रम पायांपासून सुरू होतो. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, चेंडू टाकण्यासाठी हात मागे नेतो, त्या सुमारास बॅटरने आपले वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावर घ्यावे. वजन घेणे म्हणजे मागे झुकणे नव्हे. उजवा गुडघा पावलाच्या बाहेर ढळता कामा नये आणि भार मांडीच्या आतल्या बाजूला व खुब्यात जाणवला पाहिजे. त्यानंतर डावे पाऊल पिचरच्या दिशेने हलकेच पुढे टाकायचे. त्यासाठी पाय किती उचलावा यावर प्रशिक्षक तासन्‌तास वाद घालतात. जपानच्या सदाहारू ओ या खेळाडूने पुढचा पाय उंच उचलून, क्षणभर एका पायावर उभे राहून फटका मारण्याची पद्धत १९६२ पासून अवलंबली आणि कारकिर्दीत ८६८ होम रन (सर्व बेस पार करून धाव देणारे, बहुधा मैदानाबाहेर जाणारे फटके) केले. उलट कित्येक उत्तम खेळाडू नुसती टाच उचलून पुन्हा टेकवतात. हा आवडीचा भाग आहे. पाऊल वेळेवर टेकले पाहिजे आणि ते टेकताना हात मागेच राहिले पाहिजेत, हा मात्र आवडीचा भाग नाही. आपल्या मुलांचे पाऊल आणि हात एकाच वेळी पुढे जात असतील, तर पुढचे सारे तेथेच बिघडलेले असते.

डावी टाच जमिनीवर बसली की खुबे पिचरकडे वळू लागतात. या क्षणी खांदे अजून वळलेले नसतात. उलट ते किंचित मागे खेचलेले असतात. कमरेखालचे शरीर पुढे आणि कमरेवरचे मागे, अशी धडाला पीळ बसल्यासारखी ताणलेली अवस्था निर्माण होते, आणि फटक्यातील वेगाचा मोठा वाटा या ताणातून येतो. मग धड वळते, त्यापाठोपाठ खांदे, मग हात आणि सर्वांत शेवटी बॅटचे टोक. प्रत्येक भाग वेग घेतो आणि पुढच्या भागाला तो देऊन स्वतः मंदावतो. जोंधळ्याच्या रानात गोफण फिरवणाऱ्याचा हात थबकतो आणि दगड सुसाट सुटतो, त्यातही हेच घडते. हाताने दगडाबरोबर शेवटपर्यंत धावायचे ठरवले, तर गोफणीचा काही उपयोग उरणार नाही.

या साखळीत डाव्या पायाचे काम सर्वांत कमी शिकवले जाते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पाऊल टेकते तेव्हा डावा गुडघा किंचित वाकलेला असतो आणि खुबे वळू लागताच तो पाय ताठ होत जातो. पुढे सरकणारे शरीर या पायावर अडते आणि अडल्यामुळेच त्याभोवती वेगाने फिरते. कसलेल्या खेळाडूंच्या बाबतीत या पायावर क्षणभर शरीराच्या वजनापेक्षाही अधिक जोर येतो, असे मोजमापांत आढळले आहे. हाच गुडघा लवचीक राहून पुढे सरकत गेला, तर सारे अंग चेंडूकडे वाहवत जाते, डोके पुढे येते आणि बॅट मागे राहते. उजवा पाय 'जागच्या जागी गरगर फिरवा' अशी एक सूचना आपल्याकडील मैदानांवर सर्रास ऐकू येते, ती मला पटत नाही. फटक्याच्या वेळी उजवी टाच उचललेली असते आणि चवडा वळलेला असतो हे खरे. परंतु खुबा वळल्याचा तो परिणाम आहे. नुसता पाय फिरवला आणि वजन मागेच राहिले, तर फटका दिसायला चांगला आणि लागायला पोकळ होतो.

हातांविषयी दोनच गोष्टी मुलांना सांगाव्यात. बॅट तळहातात रुतवून न धरता बोटांत धरावी आणि दोन्ही हातांची मधली पेरे साधारण एका रेषेत यावीत. त्यामुळे मनगटे मोकळी राहतात. दुसरे म्हणजे स्विंग सुरू होताना उजवे कोपर खाली येऊन बरगडीजवळून जावे, बॅटची मूठ आधी चेंडूकडे जावी आणि टोक मागून यावे. चेंडूला बॅट लागते त्या क्षणी उजवा तळवा वर पाहत असतो, डावा खाली. उजवे कोपर तेव्हाही थोडे वाकलेले असते. दोन्ही हात पूर्ण सरळ होतात ते चेंडू निघून गेल्यावर लगेच, आणि मनगटे एकमेकांवर वळतात ती त्याच्याही नंतर.

निदानासाठी मोबाइलवर मंदगतीचे चित्रीकरण करावे आणि त्यातील दोनच क्षण थांबवून पाहावेत. डावे पाऊल टेकते तेव्हा हात उजव्या खांद्याजवळ आहेत का, हा पहिला. बॅट चेंडूला लागते तेव्हा खेळाडूच्या पट्ट्याचे बक्कल पिचरकडे आहे का, हा दुसरा. पहिल्या क्षणी हात पुढे आलेले आढळले, तर काही दिवस मुलांना 'पाऊल टाका, थांबा, मग मारा' असा सराव द्यावा. यात फटक्याचा जोर कमी होईल आणि मुले कुरकुरतील, तरीही द्यावा. तालमीतील मुलांना तर हे लवकर उमगायला हवे. समोरच्याला उचलून टाकताना नुसत्या दंडांनी भागत नाही आणि कंबर घालावी लागते, हे त्यांना वस्तादांनी आधीच शिकवलेले असते.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि लहानपणापासून क्रिकेट खेळतो. पुलचा फटका आणि बेसबॉलचा स्विंग सारखाच असतो का? बेसबॉल खेळल्यामुळे माझी सरळ बॅट बिघडेल, असे घरचे म्हणतात.
(विद्यार्थी, मिरज)

उत्तर : सारखा वाटतो, पण पूर्ण सारखा नाही. पुल मारताना तू बहुधा मागच्या पायावर असतोस, आखूड टप्प्याचा चेंडू उंच येतो आणि झेल जाऊ नये म्हणून तू मनगटे वळवून त्याला खाली दाबतोस. बेसबॉलमध्ये चेंडूला टप्पाच नसतो, बॅट गोल असते आणि चेंडू खाली दाबला की तो इनफिल्डरच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या, हातात जातो. त्यापेक्षा अखेरच्या षटकांत पुढचा पाय बाजूला घेऊन, खुबा मोकळा करून मिडविकेटवरून मारलेला फटका बेसबॉलच्या अधिक जवळचा आहे. हातांचा क्रम दोन्ही खेळांत एकच राहतो, म्हणजे तुझा डावा हात दांड्याच्या टोकाकडे आणि उजवा त्याच्या पुढे. ती सवय तुला मोडावी लागणार नाही.

मोडावी लागेल ती दुसरीच सवय. क्रिकेटमध्ये चेंडू उशिरा खेळून यष्ट्यांमागे वळवला तरी धावा मिळतात. येथे बॅटरजवळच्या प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) जाणाऱ्या रेषांमधील नव्वद अंशांच्या कोनाबाहेर गेलेला चेंडू फाउल ठरतो, त्यावर धाव मिळत नाही. म्हणून अंगाजवळचा चेंडू प्लेटच्या बराच पुढे गाठावा लागतो आणि बाहेरचा चेंडू थोडा आत येऊ देऊन उजव्या बाजूला मारावा लागतो. प्लेटची रुंदी १७ इंच आहे. तेवढ्या रुंदीत चेंडू कोठून येतो यावर तो कोठे गाठायचा हे ठरते. मुले प्रत्येक चेंडू एकाच ठिकाणी गाठू पाहतात आणि मग बाहेरच्या चेंडूवर बॅटचे केवळ टोक लागते.

सरळ बॅटविषयी घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे. कसोटीत ॲडलेडला १९४८ साली दोन्ही डावांत शतके काढणारे विजय हजारे सांगलीत जन्मले, तेव्हा येथील जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे फलंदाजीचा वेगळाच आदर्श असणार. पण दोन्ही स्विंग वेगवेगळे शिकता येतात. फक्त एकाच दिवशी, एकामागून एक दोन्हींचा सराव करू नकोस, आणि क्रिकेटची स्पर्धा तोंडावर असेल तर बेसबॉलची बॅट त्या आठवड्यात बाजूला ठेव.

प्रश्न : बॅट वरून खाली आणावी, म्हणजे चेंडू जमिनीलगत राहतो आणि धावून पहिला बेस गाठता येतो, असे आम्ही शिकलो व तसेच शिकवत आलो. अलीकडे मुले चित्रफिती पाहून येतात आणि खालून वर मारायला लागतात. बरोबर काय?
(प्रशिक्षक, तासगाव)

उत्तर : या वादात मी मुलांच्या बाजूने झुकतो, पण अर्ध्या वाटेपर्यंतच.

पिचर उंचवट्यावरून चेंडू टाकतो आणि गुरुत्वाकर्षणही आपले काम करते, त्यामुळे वेगवान चेंडू प्लेटवर येताना जमिनीशी पाच-सहा अंशांच्या उताराने येतो आणि वळणारा कर्व्ह बॉल दहा अंशांच्या आसपास. बॅट वरून खाली आणली, तर चेंडूचा मार्ग आणि बॅटचा मार्ग कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांना छेदतात आणि दोघांची गाठ पडण्याची जागा फार थोडी उरते. बॅट त्याच उताराने किंचित वर जात असेल, तर ती चेंडूच्या मार्गात अधिक काळ राहते. वेळ थोडी चुकली तरी चेंडू लागतो. १९४१ च्या हंगामात ०.४०६ ची सरासरी राखणारा अमेरिकी खेळाडू टेड विल्यम्स हा किंचित वर जाणाऱ्या स्विंगचाच पुरस्कर्ता होता. अशी सरासरी म्हणजे दर दहा संधींमागे चारांहून अधिक वेळा हिट (फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठणे), आणि मोठ्या खेळाडूंच्या आयुष्यातही ०.३०० हा आकडा अभिमानाचा मानला जातो.

मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून कॅमेरे व रडारने, आणि २०२० पासून कॅमेऱ्यांनी, प्रत्येक फटक्याचे मोजमाप होते. त्यानुसार चेंडू बॅटवरून दहा अंशांपेक्षा कमी कोनात निघाला तर तो ग्राउंड बॉल, दहा ते पंचवीस अंशांत लाइन ड्राइव्ह (सपाट जाणारा फटका), त्याच्या वर पन्नासपर्यंत फ्लाय बॉल आणि पन्नासच्या पुढे नुसता पॉप-अप (सरळ वर उडालेला, सहज झेलता येणारा चेंडू) धरला जातो. जोरात मारलेले होम रन बहुतांशी पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास निघतात. यावरून मुलांनी बॅट तीस अंशांत वर न्यावी असा अर्थ काढला, आणि चित्रफितींमुळे झालेला घोटाळा तो हाच. चेंडू किती कोनात निघतो आणि बॅट किती कोनात जाते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बॅटचा मार्ग पाच ते दहा अंश वर जाणारा असला आणि ती चेंडूच्या मध्यबिंदूच्या किंचित खाली लागली, तर हवा तो कोन आपोआप मिळतो. लाकडी बॅटचा जास्तीत जास्त व्यास २.६१ इंच आणि चेंडूचा तीन इंचांहून थोडा कमी. या दोन गोल वस्तूंच्या भेटीत अर्ध्या इंचाच्या चुकीने लाइन ड्राइव्हचा पॉप-अप होतो.

मुद्दाम खांदा पाडून, मागे वाकून वर मारणाऱ्या मुलाला मात्र आपण अवश्य थांबवावे. शाळेच्या पातळीवर क्षेत्ररक्षकांच्या हातून चेंडू वारंवार सुटतात, त्यामुळे जमिनीलगत मारण्याची आपली जुनी शिकवण तेथे सामने जिंकून देते हेही खरे आहे. पण तिची सवय लागलेला मुलगा वरच्या पातळीवर अडतो. मी लाइन ड्राइव्ह हे एकच उद्दिष्ट मुलांपुढे ठेवीन. लुइस अराएझ या खेळाडूच्या बॅटचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर आहे, आणि मेजर लीगची सरासरी ११५ च्या आसपास आहे. सर्वांत मंद बॅटवाल्यांत गणना होणाऱ्या या खेळाडूने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे, तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळताना, मेजर लीगच्या दोन लीगांपैकी आपल्या लीगमध्ये सर्वोच्च सरासरी मिळवली. होम रन त्याचे मोजकेच आहेत. बॅटचा जाडसर भाग चेंडूवर अचूक आणणे हे त्याचे सारे भांडवल.

प्रश्न : आम्ही मुली सॉफ्टबॉल खेळतो. चेंडू बॅटला लागेपर्यंत पाहा, असे मॅडम सांगतात. पण आम्हाला तो शेवटी दिसतच नाही. आमचे डोळे कमी पडतात का? आणि बेसबॉलचा स्विंग सॉफ्टबॉलला चालतो का?
(संघातील खेळाडू, विटा)

उत्तर : डोळे तुमचेच नव्हे, सगळ्यांचेच कमी पडतात. चेंडू जवळ येतो तसा तो डोळ्यांपुढून इतक्या वेगाने सरकतो की शेवटच्या दीड-पावणेदोन मीटरांत नजर त्याच्याबरोबर राहू शकत नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीतही हेच दिसून आले. तरी मॅडमची सूचना सोडू नका. तिचा खरा उपयोग डोके स्थिर राहण्यासाठी होतो. चेंडू बॅटला लागेपर्यंत पाहण्याच्या प्रयत्नात हनुवटी खाली राहते, डावा खांदा लवकर उघडत नाही आणि चेंडू निघून गेल्यावरच मान वळते. नजरेचे मोलाचे काम सुरुवातीला असते, चेंडू पिचरच्या हातातून सुटतो त्या जागी.

वेळेचा हिशेब पाहा. बेसबॉलमध्ये पिचरच्या पट्टीपासून प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर असते आणि ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. त्यातील जवळजवळ ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये हे अंतर ४३ फूट आहे, त्यामुळे ताशी शंभर किलोमीटरच्या आतला चेंडूही तुम्हाला तेवढाच वेळ देतो. म्हणून स्विंगचा क्रम तोच, खुबे आधी आणि हात शेवटी. फक्त पाऊल आखूड ठेवा आणि हात जास्त मागे नेऊ नका. तुमची पिचर खालून, मांडीजवळून चेंडू सोडते, त्यामुळे तो बेसबॉलइतका उतारावरून येत नाही. बॅटचा मार्गही त्या मानाने सपाट हवा.

प्रश्न : मुलाला बॅट घ्यायची आहे. जड बॅटने चेंडू लांब जातो, असे दुकानदार म्हणतात.
(पालक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ताई, त्याच वेगाने फिरवता आली तर जातो, पण जड बॅट त्याच वेगाने फिरत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकी खेळाडू बेब रूथ याच्या काळात चाळीस औंसांहून जड बॅटा वापरात होत्या, आज मेजर लीगचे खेळाडू ३१ ते ३३ औंसांची, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमची बॅट घेतात. मुलाला तर याहून बरीच हलकी हवी. दुकानातच त्याला बॅट एका हातात मुठीजवळ धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ करायला सांगा. काही सेकंदांतच टोक खाली झुकू लागले, तर ती त्याच्यासाठी जड आहे. थोडीशीच जड असेल, तर मुठीपासून इंचभर वर धरूनही काम भागते, कारण टोकाचे वजन हाताजवळ येते.

बॅट घट्ट आवळून धरायला त्याला शिकवू नका. चेंडू आणि बॅट एकमेकांना एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ चिकटलेले असतात; त्या वेळात हाताची पकड चेंडूवर काहीही परिणाम करू शकत नाही. आवळलेल्या मुठींमुळे दंड आणि खांदे मात्र ताठरतात आणि स्विंग मंदावतो. हेल्मेटचे पैसे वाचवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आमचे मैदान महिनोन्‌महिने ओले असते. सराव कसा चालू ठेवावा?
(क्रीडा मंडळाचे कार्यकर्ते, आष्टा)

उत्तर : स्विंगच्या सरावाला मैदान लागत नाही. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्याला वरून सायकलची जुनी ट्यूब बसवली की चेंडू ठेवायची टी तयार होते, आणि भिंतीपुढे जाड चादर किंवा जाळी टांगली की सभागृहात फटके मारता येतात. टी कधी अंगाजवळ व पुढे, कधी बाहेर व थोडी मागे अशी हलवत राहावी. एकाच जागी ठेवली तर मुले त्या एका जागेपुरतीच तयार होतात. बॅडमिंटन खेळणाऱ्यांकडून मोडकी शटलकॉक मागून आणावीत. ती समोरून हाताने टाकली असता एकदम मंदावतात, त्यामुळे ज्याचे हात घाईने निघतात त्याची बॅट हमखास आधीच निघून जाते, आणि चूक दाखवायला प्रशिक्षकाची गरज उरत नाही. सभागृहात एका वेळी एकाच मुलाच्या हातात बॅट असावी.